गळीची संत्री

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी अण्णाजींच्या वर्गातली आठही पोरं तोंडं पाडून परत आली. डोक्यावरचे गठ्ठे त्यांनी ओसरीच्या कडेला टाकले आणि कोणी कोणाकडे न बघता भिंतीला टेकून बसली.

गठ्ठ्यांत झुली होत्या, लाकडी बैलांच्या पाठीवर घालायच्या, वीतभर लांबीच्या. कापसाच्या जुन्या बारदानाचे तुकडे कापायचे, हळद-चुना कालवून लाल रंग चढवायचा, कडेला कापसाच्या रुईचे गोंडे लावायचे, असं तीन दिवस मागच्या कोठारात चाललं होतं. कॉलेजातल्या पोरांची बोटं ती. सुई कापडात कमी आणि बोटात जास्त शिरली. पण माल देखणा झाला होता. आणि तो जसा गेला तसाच परत आला होता.

"सर, हे गावच बेकार आहे," पुलगावचा एक मुलगा म्हणाला.

"गाव कायले बेकार राहीन?" जंगलू उईके म्हणाला. तो आर्वीकडच्या जंगलपट्टीतला, घरी गोंडी बोलणारा आणि वर्गात सगळ्यांत आधी स्वतःवर हसणारा. "पोट्टे येते, झुलीले हात लावते, गोंडे उपटून पाह्यते, अन् 'मस्त हाये' म्हनून निंगून जाते. सर, पाहनारे गंज भेटले. आता घेनारा तेवढा पाठवा."

अण्णाजी हसले. हात पाठीमागे बांधून ते बंगईजवळ, ओसरीवरच्या झोपाळ्याजवळ, उभे होते. पोरं अडली की त्यांचे हात असेच पाठीमागे जात.

हा तास कॉलेजच्या अभ्यासक्रमात नव्हता. शाळेतून निवृत्त झाल्यावर अण्णाजींनी तो स्वतःहून सुरू केला होता. वर्ध्याच्या कॉलेजात पोरं बी. ए., बी. कॉम. होत, दुसऱ्याच्या पेढीवर चिकटत, आणि स्वतःचं काही मांडायचं म्हटलं की 'भांडवल कुठाय?' म्हणून गप्प बसत. अण्णाजी त्यांना दरवर्षी पोळ्याला आपल्या गावी, सिंदीला आणत. खिसे रिकामे करून घेत आणि सांगत, "घरात, कोठारात, अंगणात जे पडलं असेल ते तुमचं. यातून असं काही करा, की गावातला माणूस आपणहून हात पुढे करील. जवळ काय आहे? ते कोणाला पाहिजे? आणि चुकलं तर पुढे काय? एवढंच बघा." त्यानंतर ते शब्द काढत नसत.

नलू पाण्याची कळशी घेऊन बाहेर आली. अण्णाजींची नात. दोन वर्षं याच तासाला ती मागच्या बाकावर एकटी बसली होती. कॉलेजात त्यांना 'सर' म्हणायची आणि घरी 'आबाजी'. यंदा ती पास होऊन मोकळी झाली होती.

"सकायी बसले होते का तुमी?" तिने पाणी देता देता विचारलं.

"उजाडताच! मैदानाच्या तोंडाशी. एक बैल नजरेतून सुटला नाही."

"बैल त घरून सजूनच येते. सकायी लेकरायच्या हातात पैसे राह्यते का?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी बैल ओढत दारोदार जातात, घरची माणसं बैलाला ओवाळतात आणि लेकराच्या हातावर काहीतरी ठेवतात. त्याला बोजारा म्हणायचं. बोजारा मिळतो तो मैदानावरचा पोळा फुटल्यावर.

"म्हणजे संध्याकाळी बसायचं," पुलगावचा मुलगा म्हणाला.

"बसा. पन साऱ्या गावातून ओढून नेल्यावर त्या बैलाचं काय होते?"

जंगलू ताडकन उठला. "चाक निखळते! दोरी तुटते. झूल चिखलानं भरते. लेकरू रडत घरी जाते. म्हनजे आपन परतीच्या रस्त्यावर बसाव, सुतळी, खिळे अन् एरंडीचं तेल घेऊन. आधी चाक बसवून द्याव. अन् बैल उभाच हाये तोवर नवी झूल पाठीवर टाकून पाहाव, कशी दिसते त!"

"पाहा बापा," नलू म्हणाली. "मी नाई काई सांगितलं."

पोरं खिळे शोधायला कोठाराकडे पळाली. अण्णाजींचे हात पाठीमागेच होते. अगदी त्यांच्यासारखं विचारलं होतं तिने. उत्तर न देता, उत्तराच्या दारापर्यंत नेऊन सोडलं होतं. त्यांचं मन भरून आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. कारण दुपारचं जेवण झालं की ओसरीवर घरची माणसं बसणार होती, आणि बोलणार होती ती नलूबद्दलच.

*

घर एकच होतं, पण मधोमध भिंत होती आणि चुली दोन होत्या. भिंतीपलीकडे धाकटा भाऊ नत्थूजी, कापसाचा अडत्या. अलीकडे अण्णाजी आणि नलू. आई गेल्यावर नलू लहानपणीच आजीजवळ आली, पुढे आजीही गेली, आणि आजोबा आणि नात एवढेच या चुलीवर उरले.

तिचा बाप, अण्णाजींचा मुलगा आनंदराव, नागपूरहून आला होता. अण्णाजींची बहीण भागीरथा कारंज्याहून. विधवा, मूलबाळ नसलेली, नवऱ्यामागे संत्र्याचा बगीचा एकटीने सांभाळणारी. बापाचं ऐकून नलूही तिला आत्या आणि नत्थूजीला काका म्हणायची. नत्थूजीची बायको कोकिळा दाराच्या चौकटीआड डोक्यावर पदर घेऊन उभी होती. अण्णाजी तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी थेट बोललेली नव्हती. काही सांगायचं असलं तर नवऱ्याला उद्देशून सांगायची.

"दादा, काम झालं," नत्थूजीने मांडी ठोकली. "कन्याशाळेत जागा हाये. हेडबाईशी बोललो. दसऱ्यापासून नलू मास्तरीन. सकायी शाळा, दुपारी घरी येऊन तुले वाढीन. घरचं घरात!"

"माझीही काळजी मिटली, काका," आनंदराव म्हणाला. "विदर्भ मुंबई राज्यात गेला, नागपूरचं सचिवालय मोडलं. माझी मुंबईची ऑर्डर आली आहे. तिथं आम्हालाच डोकं टेकायला जागा मिळते की नाही ठाऊक नाही. बाबांना कुठं नेणार?"

"म्हनजे बाबाले नेता येत नाई, म्हनून पोरीले ठेवाचं," भागीरथा म्हणाली.

"आत्या, मी असं कुठं म्हणालो?"

"तू नाई म्हटलं. मले ऐकू आलं."

"तुले काऊन एवढं झोंबते?" नत्थूजी तिच्याकडे वळला. "पोळ्याले आली, पुरन खाय, सुखानं जाय."

अण्णाजी बंगईवर बसून ऐकत होते. आपण बसलेलो असताना आपल्याबद्दल असं बोलणं चाललंय, जसं हंगाम संपल्यावर शेतातली खाट कुठे ठेवायची याबद्दल बोलावं. पण नलू राहणार, या विचाराने त्यांना बरंही वाटत होतं. शाळेतून ती येईल. दार वाजेल. दिवसभरात काय झालं ते सांगेल. त्यांना अजून काही नको होतं.

"काका," नलू म्हणाली, "मले शाळेत नाई जायचं. मी आत्याजवळ कारंज्याले जातो."

नत्थूजीने भागीरथाकडे बोट केलं. "पाह्यलं? मले वाटलंच!"

"मी नाई फूस लावली! देवाशपथ," भागीरथा म्हणाली. "तिनंच उन्हाळ्यात काढलं. म्या त म्हटलं, दादाले कोन पाहीन?"

नलू आत गेली आणि चिनीमातीची एक लहान बरणी घेऊन आली. सगळ्यांच्या हातावर तिने चमच्याने थोडं थोडं लोणचं घातलं, आतल्या काकूच्याही. अण्णाजींच्या हातावर शेवटी.

नत्थूजीने बोट चाटलं. "लिंबाचं होय?"

"संत्र्याचं. गळीच्या."

"गळीच्या?" नत्थूजीचं बोट तोंडातच राहिलं. आत्ताच्या दिवसांत बगीच्यात हिरवी, कच्ची संत्री झाडाखाली टपटप गळून पडतात. कोणी घेत नाही. उकिरड्यावर जातात. "अवं, जे गाय खात नाई ते मले चारलं?"

"पन तुमी दुसऱ्यांदा चाटून राह्यले, काका."

भागीरथा हसली. आनंदराव हसला नाही. "यासाठी तुला बी. ए. केलं का?" त्याने विचारलं.

"बाबा, तुमी पुसू नोका. मले पुसनारे तिकडं बसले," नलू म्हणाली आणि आजोबांसमोर जमिनीवर बसली, परीक्षेला बसावं तशी.

 अण्णाजींनी हात पाठीमागे नेले. बसल्या जागी ते नीट जाईनात, म्हणून ते उठून उभे राहिले. शेकडो पोरांना त्यांनी हे प्रश्न विचारले होते, आणि प्रत्येक वेळी पोराला उत्तर यावं म्हणून आतून जीव टाकला होता. आज पहिल्यांदा त्यांना वाटत होतं, एका तरी प्रश्नाला हिने अडावं.

"कोनाले पाह्यजे हे?"

"हमरस्त्यावरच्या धाब्यायले. नागपूर-अमरावतीचे टरकवाले तिथं थांबते. दाळ-रोटी खाते. तोंडी लावाले कांदा, नाई त मिरची. रोज रोज तेच खाऊन मानूस कटायते."

"धाबेवाला घरी घालन लोनचं. तुह्यापासून काऊन घेईन?"

"एकानं घातलतं. ओल्या हातानं घातलं. बुरशी आली."

"ठेवशीन कायत?"

इथे नलू थबकली. 

"हे मी चुकलो, आबाजी," ती म्हणाली. "उन्हाळ्यात आधी लिंबाचं करून पाह्यलं. धाब्यामांगं डालड्याचे रिकामे डबे पडून राह्यते. मले वाटलं, मालबी फुकट अन् भांडंबी फुकट. आंबटानं पत्रा खाल्ला. सारं काळं पडलं. म्या अन् आत्यानं खड्डा करून पुरलं."

"तिथं अजूनबी कुत्रं फिरकत नाई," भागीरथा म्हणाली.

"मंग आता?"

"बरन्या. बरनी आपली, ती धाब्यावरच राहीन. रिकामी झाली का मी जाऊन भरून येईन. त्याले फक्त आतलं लोनचं विकाचं, बरनी नाई."

"अन् एखाद्या वर्षी गळच नाई झाली त?"

"त आत्याचा बगीचा लदून येईन. मंग मी लोनचं कायले घालू? झाडाखाली बसून संत्रे खाईन."

नत्थूजीसुद्धा हसला. "पोरगी पक्की अडत्या होय बे! माह्यावर गेली."

अण्णाजींना दुसरं काही सुचेना. विचारण्यासारखं सगळं संपलं होतं, आणि प्रत्येक उत्तर त्यांनीच कधीतरी शिकवलेलं होतं. तेव्हा त्यांनी तो प्रश्न विचारला, जो कोणत्याही पोराला विचारला नव्हता.

"अन् म्या नाई म्हटलं त?"

नलू त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं परीक्षेचं तेज विझलं.

"त मी नाई जात," ती हळू म्हणाली. "शाळेत जाईन. तुमाले वाढीन. रागबी नाई धरनार. पन याच्यापुढचं उत्तर माह्याजवळ नाई, आबाजी."

"झालं!" नत्थूजी म्हणाला. "दादा, म्हन नाई. एका शब्दाचं काम."

आनंदराव खाली बघत होता. एका शब्दाने त्याचीही सोय होणार होती, आणि हे त्याला कळत होतं, म्हणून तो वर बघत नव्हता.

तेवढ्यात चौकटीआडून बांगड्या वाजल्या. "आयका," कोकिळा नवऱ्याला म्हणाली. "त्यायले सांगा, जेवनाचा इचार नोका करू. भितीपल्याड चूल पेटतेच. दोन भाकरीनं काय होते?"

नत्थूजी गर्रकन वळला. "तू कोन्या पक्षाची? काल त तूच म्हने, नलू राह्यली पाह्यजे, मले दोन घरचं होत नाई!"

"काल म्या लोनचं चाखलं नोतं."

सगळे हसले. अण्णाजी हसले नाहीत.

"संध्याकायी सांगतो," ते म्हणाले, पायात जोडा घातला आणि बाहेर पडले.

*

मैदान लेकरांनी फुललं होतं. हातभर बैल, बोटभर बैल, आणि बापाने दोन माणसांच्या मदतीने ढकलत आणलेले घोड्याएवढे बैल. तोरण तुटलं, पोळा फुटला, गलका झाला, आणि लेकरं बैल ओढत गल्ल्यांमध्ये घुसली. लाकडी चाकांचा खडखडाट गावभर पसरला.

अण्णाजी परतीच्या रस्त्याला कडुलिंबाखाली उभे राहिले. समोर त्यांची पोरं मांडी घालून बसली होती. जंगलूने एका बैलाचं चाक हातात धरलं होतं आणि बैलाच्या मालकाला, पाच वर्षांच्या एका शेंबड्या पोराला, तो गंभीरपणे विचारत होता, "पाटील, बैल दुखन्यावर कवापासून हाये?" लेकरू रडायचं थांबून हसलं. चाक बसलं. तेल पडलं. मग झूल पाठीवर आली, आणि लेकराने बोजाऱ्याची मूठ आपणहून पुढे केली. मागे रांग लागली होती. पुलगावचा मुलगा गाठी मारून मारून थकला होता, तरी ओरडत होता, "एकेक! एकेक!"

दरवर्षी या घडीला अण्णाजींना समाधान होई. पोरांना आता सरांची गरज उरलेली नसे. कोणी मान वळवून त्यांच्याकडे बघतही नसे. तास चांगला झाला, याची हीच खूण ते मानत. आजही कोणी वळून बघितलं नाही. रस्त्यावरून लेकरं जात होती, कोणी आईचं बोट धरून, कोणी बापाच्या खांद्यावर. ओळखीचे लोक "राम राम, मास्तर" म्हणून पुढे जात होते. लिंबाखाली ते खूप वेळ उभे होते, आणि आपण इथे कशासाठी उभे आहोत ते कोणी विचारलं असतं, तर त्यांना सांगता आलं नसतं.

नलू शोधत आली. शेजारी उभी राहिली. पोरांचा गोंधळ दोघं बघत राहिले. संध्याकाळ झाली होती; तिला उत्तर हवं होतं, पण ती विचारणार नव्हती. तेवढं त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"आत्याले सांग," अण्णाजी म्हणाले, नजर समोरच ठेवून. "बरन्या गवतात बांधून नेजो. नागपूरहून पुढं मोटारीत हादरे बसते. मधात गवत नसलं त एकमेकीवर आपटून फुटते."

नलूने मान हलवली. मग पदराच्या टोकाने डोळे पुसले आणि त्यांचा हात धरला. तो तिने घरापर्यंत सोडला नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंदीच्या स्टेशनावर आधी वर्ध्याकडची गाडी आली. पोरं चढली. जंगलूने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून काहीतरी ओरडून सांगितलं. इंजिनाच्या आवाजात ते गेलं. मग नागपूरकडची आली. तिच्यात नलू, भागीरथा आणि आनंदराव चढले. आनंदराव पाया पडला आणि म्हणाला, "बाबा, मुंबईत जागा झाली की..." अण्णाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि वाक्य तिथेच राहू दिलं. नलू खिडकीत बसली. बरण्यांचं गाठोडं तिने मांडीवर घेतलं होतं. त्यातलं गवत तिच्या पदराला चिकटलं होतं. गाडी हलली तेव्हा तिचे दोन्ही हात गाठोड्याभोवती होते, त्यामुळे तिला हात हलवता आला नाही. ती नुसती बघत राहिली.

"दादा, जेवाले इकडंच ये," परतताना नत्थूजी म्हणाला.

"पाहू," अण्णाजी म्हणाले. "पोरायले इतकं शिकवतो, माह्यासाठी भात रांधता नाई येनार का?"

"रांध बापा."

घरात शिरल्यावर त्यांनी जोडा काढला, आणि सवयीने आत हाक मारायला तोंड उघडलं. मग मिटलं. कोठारात बारदानाचे तुकडे आणि रुईचा पसारा होता. तो त्यांनी आवरला नाही. आवरला तर दुपारसाठी काही उरलं नसतं.

स्वयंपाकघरात ते पाहुण्यासारखे उभे राहिले. तांदूळ सापडले. पाणी होतं. चूल पेटवताना कापसाच्या पऱ्हाट्या ओल्या लागल्या. फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी आलं, पण जाळ धरला. भात शिजू लागला. आता मीठ. फळीवर बघितलं. कोनाड्यात बघितलं. एक एक मडकं उघडलं. कशात डाळ, कशात हळद, एकात चिंच. डाव हातात घेऊन ते चुलीसमोर उभे राहिले. इतकी वर्षं या घरात जेवलेला माणूस, आणि घरातलं मीठ कुठे राहतं ते ठाऊक नाही.

धूर भिंतीवरून पलीकडे गेला असावा.

"दादा!" भिंतीपलीकडून नत्थूजीचा आवाज आला. "कायचा धूर होय?"

"काई नाई."

"बरं."

पावलं दूर जाऊ लागली. अण्णाजी पडवीत आले, डाव हातात तसाच. पावलं अंगण ओलांडून दाराशी पोचली असतील एवढ्यात ते म्हणाले, "नत्थू." ते भिंतीपलीकडे पोचलं नाही. मग दुसऱ्यांदा, मोठ्याने: "नत्थू, थांब गा!"

"काय होय?"

"मीठ कुठं राह्यते रे घरात?"

 भिंतीपलीकडे नत्थूजी हसला, पोट धरून. खूप वर्षांपूर्वी दोघं एका खाटेवर झोपायचे तेव्हा हसायचा तसा.

"मले काय मालूम?" तो म्हणाला. "म्या कवा हातानं घेतलं? मी त जलमभर मांगूनच खातो."

अण्णाजींनी भिंतीला हात टेकला. भाताला करप लागत असल्याचा वास येत होता.

"मंग माह्यासाठीबी मांग," ते म्हणाले.